सगळ्यांची मतं हवीत, पण सांगायचं काय? गोव्यातल्या उमेदवारापुढचे तीन मार्ग

गोव्यात विधानसभेचा मतदारसंघ म्हणजे सरासरी तीस हजारांच्या आसपास मतदार. २०२२ मध्ये सांत आंद्रेचा निकाल ७६ मतांनी लागला. एक वाडा नाराज झाला तरी गणित फिरतं. त्यामुळे नव्याने उभं राहणाऱ्याला सगळेच हवे असतात: बहुजन समाज, सारस्वत, ख्रिस्ती, मुस्लिम, गावडा-कुणबी-वेळीप, धनगर, आणि वास्कोकडे स्थिरावलेली कन्नड-हिंदी घरंही. या सगळ्यांना एकत्र धरायचे तीन मार्ग आपल्याकडे चालतात.

समाजागणिक आश्वासन

देवळाला सभामंडप, चॅपेलच्या अंगणात फरशी, मच्छीमारांना शेड. हा मार्ग सोपा, कारण प्रत्येक बैठकीत समोरच्याला आवडेल तेवढंच बोलायचं असतं. पण गोवा लहान आहे. सकाळी देवळाच्या चौकात दिलेला शब्द संध्याकाळी तिठ्यावर पोचतो, आणि दोन ठिकाणचे दोन शब्द जुळत नसले की दोन्हीकडची पत जाते. कायद्याचीही अडचण आहे. धर्म, जात किंवा भाषेच्या नावावर मत मागणं लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार भ्रष्ट आचार ठरतं, आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात मतदाराचा धर्म-जातही धरली.

तरी एका समाजाची म्हणून प्रत्येक मागणी टाळायची नसते. गावडा, कुणबी आणि वेळीप २००३ मध्ये अनुसूचित जमातींत आले, पण २०२२ च्या विधानसभेतही त्यांच्यासाठी एकही राखीव जागा नव्हती. हा न्यायाचा प्रश्न आहे. तो या जमातींची वस्ती असलेल्या केपे तालुक्यात मांडणार असाल तर पणजीतही मांडा.

गोंयकारपण

गोंयकारपण म्हणजे ‘आपण गोव्याचे’ ही अस्मिता. तिचा सर्वात मोठा दाखला १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल. महाराष्ट्रात विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मतं पडली, वेगळं राहण्याच्या बाजूने १,७२,१९१. विलीनीकरणाविरुद्ध लढणाऱ्या डॉ. जॅक सिक्वेरांच्या मागे ख्रिस्ती समाज मोठ्या संख्येने होता, पण तेवढ्यावर ३४,०२१ ची आघाडी मिळाली नसती. हिंदू घरांतूनही ‘दोन पानं’ या वेगळं राहण्याच्या चिन्हावर शिक्का पडला. ‘राष्ट्रमत’ या दैनिकाने विलीनीकरणाविरुद्धची बाजू मराठीतून मांडली, म्हणजे ज्या वाचकाचं मन वळवायचं होतं त्याच्याच वाचनाच्या भाषेत. आजच्या कुठल्याही प्रचारकाने हे नीट अभ्यासावं.

पण पुढचं पान सहसा कोणी उलटत नाही. दोनच महिन्यांनी झालेल्या निवडणुकीत लोकांनी विलीनीकरणवादी महाराष्ट्रवादी गोमंतक (मगो) पक्षाला आणि त्याचे नेते भाऊसाहेब बांदोडकरांनाच पुन्हा सत्ता दिली. गोवा वेगळा हवा होता, आणि कुळाला जमीन देऊ म्हणणारा नेताही हवा होता. अस्मितेने लोक एका प्रश्नावर एक झाले. रोजच्या जगण्यासाठी त्यांनी दुसरीकडे पाहिलं.

शिवाय गोंयकार कोण, हा प्रश्न लगेच येतो. ज्यांची नातवंडंही इथेच जन्मली त्यांना ‘भायले’, म्हणजे बाहेरचे, म्हटल्यावर ती मतं परत येत नाहीत, आणि मला विचाराल तर ते योग्यही नाही.

जमीन, पाणी, घर

तिसवाडी तालुक्यातली खाजन शेती घ्या, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेली भातशेती. बांध फुटला की खारं पाणी आत शिरतं आणि भात हातचं जातं. मालकी भाटकाराची (जमीनदाराची) असो वा कोमुनिदादीची (गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेची), कसणारं कूळ हिंदू असो वा ख्रिस्ती, नुकसान कोणालाच चुकत नाही. ‘पावसाआधी बांध दुरुस्त करू’ हे वाक्य चर्चच्या आवारात आणि देवळात एक अक्षरही न बदलता बोलता येतं. ही या मार्गाची ताकद.

मात्र तिथेच थांबलात तर फसाल. बांधात पाणी आत-बाहेर सोडायची दारं असतात, ती मानस. मानशीवरच्या मासळीचा लिलाव होतो. लिलाव घेणाऱ्याला खारं पाणी आत यायला हवं असतं, शेतकऱ्याला नको असतं. तेव्हा मानशीची दारं केव्हा उघडायची, ते कोण ठरवणार आणि लिलावाच्या पैशातून बांधावर किती खर्च होणार, हे सांगितल्याशिवाय आश्वासन पुरं होत नाही.

घरांचंही तसंच. भाटकाराच्या जमिनीवर घर असलेल्या मुंडकाराला ते नावावर हवं, कोमुनिदादीच्या जमिनीवर राहणाऱ्याला घर पाडलं जाणार नाही याची खात्री हवी, आणि गावकाराला, म्हणजे कोमुनिदादीच्या वंशपरंपरागत सभासदाला, वाडवडिलांची जमीन जाण्याची भीती. ‘सर्वांना घर’ म्हटल्यावर तिघेही टाळ्या वाजवतील, पण विश्वास एकाचाही बसणार नाही. कोणत्या सालापर्यंतची घरं धरणार आणि कोमुनिदादीला मोबदला कसा देणार, हे जाहीर सांगणाऱ्याची थोडी मतं जातील. उरलेली मात्र प्रचाराच्या शेवटच्या दिवशीही जागची हलणार नाहीत.

मग निवड?

कणा तिसऱ्या मार्गाचा ठेवा. म्हादई नदीचं पाणी किंवा मोले गावाकडचं जंगल असा सबंध गोव्याचा प्रश्न असेल तेव्हा गोंयकारपणाची हाक द्या, आणि त्या हाकेत इथे राहणाऱ्या प्रत्येकाला धरा. पहिल्या मार्गातलं फक्त तेवढंच घ्या जे दुसऱ्या समाजासमोरही मोठ्याने वाचता येईल.

पत्रक मराठीत, देवनागरी कोंकणीत आणि रोमी (रोमन लिपीतल्या) कोंकणीत काढा. वास्कोत हिंदी-कन्नडही लागेल. छापायला देण्याआधी सगळ्या प्रती शेजारी ठेवून ओळीओळीने ताडून बघा. घरांच्या मुद्द्याखालचं साल आणि बांधाच्या कामाची मुदत सगळीकडे तीच असायला हवी. ते कच्चं पत्रक घेऊन आधी कूळ, गावकार आणि मानशीचा लिलाव घेणारा अशा तिघांना एकाच वेळी बसवा, आणि त्यांनी जिथे हरकत घेतली ती ओळ तिघांसमोरच पुन्हा लिहा.