शी-शूची सवय: आजीची पद्धत, तीन दिवसांचा धडाका की निवांत?

पॉटी ट्रेनिंगचा विषय निघाला की घरात पक्ष पडतात. आजी म्हणते, "आमच्या वेळी वर्षाच्या आत लंगोट सुटायचे." ऑफिसातली मैत्रीण सांगते, जोडून सुट्टी गाठ, तीन दिवसांत काम फत्ते. डॉक्टर म्हणतात, घाई कशाला? थोरलीच्या वेळी मी मैत्रिणीचं ऐकलं, धाकट्याच्या वेळी डॉक्टरांचं. आणि आजीची पद्धत सासूबाईंनी दोघांवरही मला न विचारताच वापरून झाली होती.

आजीची पद्धत

बाळ झोपून उठलं किंवा दूध प्यायलं की आपण जुळवून पुढे पसरलेल्या पायांवर त्याला बसवायचं आणि तोंडाने सूऽऽ सूऽऽ करायचं. हसू नका याला. पोटात दूध गेलं की आतडी हलायला लागतात, त्यामुळे ती वेळ बरोबर साधते. थोरली आठ महिन्यांची असताना सकाळची शी बहुतेकदा सासूबाईंच्या पायांवरच व्हायची. रोजचा एक डायपर वाचायचा.

पण यात वेळ ओळखते ती आजी, बाळ नव्हे. सासूबाई पंधरा दिवस गावी गेल्या आणि ये रे माझ्या मागल्या. घरात दिवसभर हात मोकळे असलेलं, सराईत माणूस असेल तर जरूर करा. दोघंही नोकरीवर आणि बाळ पाळणाघरात असेल, तर नाद सोडा.

तीन दिवसांचा धडाका

डायपर एकदम बंद. घराबाहेर पडायचं नाही, भरपूर पाणी पाजायचं, दर अर्ध्या तासाने पॉटीवर बसवायचं. अमेरिकेत १९७० च्या दशकात अझ्रिन आणि फॉक्स या मानसशास्त्रज्ञांनी झटपट शिकवण्याची रीत मांडली. आज जे 'तीन दिवसांत' म्हणून सांगतात ते त्याच जातकुळीतलं.

थोरली तेव्हा दोन वर्षांची होती. पहिल्या दिवशी अकरा चड्ड्या आणि दिवाणाखाली शिरून फरशी पुसणारा नवरा. दुसऱ्या दिवशी शू पॉटीत. आम्ही टाळ्या वाजवल्या, आजोळी फोन केला. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की शी झालेलीच नाही. ती पाय आवळून, टाचा उंचावून सोफ्याला धरून उभी राहायची. चार दिवसांनी झाली ती खड्यासारखी, दुखलं, म्हणून पुढची आणखी धरून ठेवली. शेवटी शी मऊ राहण्याचं औषध महिनाभर द्यावं लागलं. शू तीन दिवसांत जमली हे खरं, शीला पाच महिने लागले हेही खरं.

म्हणून ही रीत टाकाऊ आहे असं नाही. मूल अडीच वर्षांच्या पुढचं आहे, दोन-दोन तास कोरडं राहतं, "शू आली" म्हणू शकतं, पोट रोज साफ होतं आणि जूनमध्ये नर्सरी सुरू होणार आहे, तर धडाका उपयोगी पडतो. पोट कडक असेल तर मात्र आधी त्यावर उपाय करा. दिवसभर दुधाच्या बाटल्या चालू असतील तर सुरुवात त्या कमी करण्यापासूनच.

निवांत

या मार्गाचं श्रेय बहुतेकदा बालरोगतज्ज्ञ बेरी ब्रेझल्टन यांना देतात. १९६२ साली त्यांनी ११७० मुलांच्या नोंदी मांडल्या. मुलाच्या कलाने घेतल्यावर दिवसाचा ताबा सरासरी साडेअठ्ठावीस महिन्यांना आला होता. पुढे २००३ च्या एका अमेरिकन अभ्यासात असं दिसलं की सत्तावीस महिन्यांच्या आत नेटाने शिकवायला घेतलं म्हणून मुलं लवकर मोकळी होत नाहीत; शिकण्याचा काळ तेवढा लांबतो. हे वाचून मला थोरलीची माफी मागावीशी वाटली.

निवांत म्हणजे हातावर हात ठेवून बसणं नाही, आणि इथेच बरेच जण घसरतात. धाकटा दीड वर्षाचा असल्यापासून पॉटी बाथरूममध्ये होती. तो कपड्यांसकट बसायचा, कधी आपल्या जेसीबीला बसवायचा. डायपर तिथेच बदलायचा, शी कमोडमध्ये टाकून त्याच्याकडूनच टाटा करून घ्यायचा. सव्वादोन वर्षांचा झाल्यावर तो शीच्या वेळी हॉलच्या पडद्यामागे जायला लागला. पडद्याखाली दिसणारी ती दोन पावलं हीच आमची खूण: आधी कळतंय, आडोसा हवाय. मग पडद्याऐवजी पॉटी, एवढाच बदल उरला. पाळणाघरातल्या ताईंनाही आमचेच शब्द वापरायला सांगितले. चार महिने लागले, पण रडारड एकदाही नाही.

तोटे? डायपरचा खर्च लांबतो. "अजून डायपर?" हे प्रत्येक लग्नात ऐकावं लागतं. आणि नुसतं 'करू, करू' म्हणत तीन वर्षं कशी उलटतात ते कळत नाही.

तरी कुठलीच घाई नसेल तर मी डोळे झाकून हेच सांगेन. फक्त धडाका असो की निवांत, डायपर काढायचा मुहूर्त जुलैत धरू नका. डोंबिवलीच्या पावसात चौदा चड्ड्या पंख्याखाली वाळत घालून पाहिल्यात मी, तिसऱ्या दिवशीही ओलसरच. एप्रिल-मे उत्तम, मूल उघडं फिरलं तरी सर्दीची काळजी नाही.

खुर्ची, सीट की संडास

खाली ठेवायची छोटी खुर्ची घ्या, साधी. गाणी वाजणारी घेतली तर मूल गाण्यासाठी बसतं आणि बटण दाबायला उठतं. पाय जमिनीला टेकतात आणि गुडघे वर येतात, त्यामुळे शी करायला जोर नीट लागतो. दर वेळी भांडं धुवावं लागतं, हा त्रास आहेच. कमोडवर बसवायची सीट जागा वाचवते, पण पायाखाली स्टूल हवंच. पाय लोंबकळत असले तर मूल अर्धवट करून उठतं. फ्लशच्या आवाजाला घाबरणारी मुलंही बरीच असतात, ती उतरल्यावरच फ्लश करा. भारतीय संडासात बैठक उत्तम, पण दोन पायऱ्यांतलं अंतर लहान पावलांना झेपत नाही, काखेत धरून बसवावं लागतं.

रात्रीचं मात्र या तुलनेत धरू नका. झोपेत कोरडं राहणं शिकवून येत नाही, शरीर तयार व्हावं लागतं, आणि पाच वर्षांपर्यंत अंथरूण ओलं होण्याला डॉक्टरही आजार म्हणत नाहीत. धाकटा आता चार वर्षांचा आहे. दिवसा स्वतःची चड्डी स्वतः काढतो, दार लावून घेतो, "कोणी येऊ नका" म्हणून ओरडतो. गादीवर रबरी शीट अजून आहे.