गांडूळखत लसूण घासाला उत्तम, पण त्याच्या भरवशावर नेपियर गवताचा युरिया बंद करू नका

सोलापूर रस्त्याला मांजरीजवळच्या एका दुकानातून मी हे गांडूळखत घेते, ४० किलोची गोणी. माल चांगला आहे. मुठीत दाबलं की गोळा होतो, बोट लावलं की सुटतो, म्हणजे ओल बरोबर आहे. चाळलेलं असतं, काच-प्लास्टिक सापडलं नाही. नीट पाहिलं तर गांडुळांची बारीक पिवळसर अंडीसुद्धा दिसतात. बाहेरचं शेणखत आणलं की त्यातून गाजर गवत येतं आणि घास खुरपता खुरपता जीव जातो. ह्या खतानं तो त्रास झाला नाही.

लसूण घासाला हेच द्या. वाफे करतानाच मातीत मिसळायचं, जोडीला सिंगल सुपर फॉस्फेट. घासाच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र धरतात, त्याला स्फुरदाची (फॉस्फरसची) गरज जास्त, ते सुपर फॉस्फेटमधून मिळतं. मी एक ठोंब मुद्दाम उपटून पाहिला, गाठी फोडल्यावर आतून गुलाबी निघाल्या. म्हणजे काम चालू आहे. आमची काळी जमीन वाळली की खुरपं आत जायचं नाही, तीही आता भुसभुशीत लागते.

तक्रार एकच. दुकानदार येईल त्याला सांगतो, "ताई, हे टाका आणि युरिया बंद करा." नेपियरला हे लागू पडत नाही. गोणीवर नत्र १ टक्का छापलंय, म्हणजे एका गोणीत ४०० ग्रॅम. ४५ किलोच्या युरियाच्या गोणीत ४६ टक्क्यांनी २०.७ किलो नत्र येतं. तेवढं ह्यातून द्यायचं तर जवळपास ५२ गोण्या लागतील, आणि तेही सावकाश सुटणार. दीड-दोन महिन्यांनी बुडातून कापायचं पीक, फुटव्याला नत्र लगेच हवं. आमच्या फुले जयवंत ह्या नेपियरच्या वाणाच्या ज्या सऱ्यांना नुसतं गांडूळखत दिलं, तिथं पात पिवळट आणि अरुंद. शेजारी कापणीनंतर पाण्याबरोबर थोडा युरियाही दिला, तिथं ठोंब भरगच्च फुटले.

युरिया मात्र मापातच टाका. जास्त झाला आणि पाण्याचा ताण पडला तर वैरणीत नायट्रेट साठतं, गाई दगावू शकतात.

माझ्याकडून पाचपैकी चार तारे. गोणी घेताना सावलीत ठेवलेली मागा, दाराशी उन्हात रचलेल्या थप्पीतली नको.