घरचा स्क्विशी: ब्लेंडर बरा की बर्फ-मिठाचा पॉट?

‘द सिम्प्सन्स’ ही अमेरिकन कार्टून मालिका आवडीने पाहणाऱ्या मुलांच्या घरी तिच्यातल्या क्विक-ई-मार्ट या दुकानातल्या स्क्विशीची, म्हणजे बर्फाळ, गोड, रंगीत पेयाची, मागणी कधी ना कधी होतेच. आमच्याकडे ती मुलाच्या दहाव्या वाढदिवसाला, तेही डॅलसच्या ऐन जुलैमध्ये झाली. मुळात स्क्विशी म्हणजे सेव्हन-इलेव्हन या दुकानांच्या साखळीतल्या स्लर्पी या अर्धवट गोठलेल्या पेयाचे विडंबन, आणि २००७ साली ‘सिम्प्सन्स’च्या चित्रपटाच्या निमित्ताने या कंपनीने आपली डझनभर दुकाने काही दिवस क्विक-ई-मार्टसारखी सजवून तिथे खरोखरच स्क्विशी विकला होता, त्यांत डॅलसमधलेही एक दुकान होते. त्यामुळे निळा स्लर्पी आणून पेल्यावर नवी चिठ्ठी चिकटवली असती तरी भागले असते, पण घरीच करण्याचा हट्ट माझा होता.

फ्रीझरमध्ये पसरट डब्यात सरबत ठेवून दर अर्ध्या तासाने काट्याने खरवडण्याची पद्धत चवीला उत्तम आहे, परंतु तीन-चार तास त्या डब्याभोवती घोटाळत राहावे लागते. दाबून गोठवण्याचा सिलिकॉनचा मग एका वेळी एकाच मुलाची सोय करतो. ओट्यावर ठेवायची स्लशची यंत्रेही आता मिळतात, पण वर्षातून चार वेळा लागणाऱ्या वस्तूला ओट्यावरची तेवढी जागा द्यायला आमच्या घरातून परवानगी मिळाली नाही. उरले दोनच पर्याय: रोजचा ब्लेंडर आणि आइस्क्रीमचा हाताने फिरवायचा पॉट.

ब्लेंडरच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. दोन वाट्या बर्फ, अर्धी वाटी रंगीत पाक आणि थोडे गार पाणी घातले की दोन मिनिटांत पेला भरतो, आणि प्रत्येक मुलाला आपापला रंग मिळतो. दिसायलाही तो पहिली पाच मिनिटे थेट कार्टूनमधल्यासारखा असतो. माझे मन मात्र त्या पाच मिनिटांनंतर जे होते त्याने उडाले. लहानपणी शाळेबाहेरच्या गाडीवरचा काला-खट्टा गोळा जोराने चोखला की रंग आणि चव आधी तोंडात येई, आणि हातात काडीला चिकटलेला पांढरा, बेचव बर्फ उरे. तेव्हा गोळेवाल्या काकांपुढे तो पुन्हा धरून ‘थोडा रस टाका ना’ असे म्हणण्याची तरी सोय होती. ब्लेंडरमधल्या स्क्विशीचे नेमके तेच होते. पात्यांनी फोडलेले बर्फाचे तुकडे कितीही बारीक वाटले तरी ते भरडच असतात, पाक त्यांच्यामधून निथळून तळाशी जातो, स्ट्रॉने तोच आधी ओढला जातो, आणि वर उरतो तो निव्वळ चुरा. वाढदिवसाच्या आधी केलेल्या रंगीत तालमीत आमच्या चारही पेल्यांत असा पांढरा चुरा उरला होता. पाक वाढवून पाहिला, तर पेय नको इतके गोड झाले आणि चुरा तरीही उरलाच.

पॉटमध्ये बर्फ बाहेरून घालावा लागत नाही. सरबताचाच बर्फ होतो. साखर विरघळलेले पाणी एकदम सगळे गोठत नाही. शून्याच्या थोडे खाली आधी त्यातल्या पाण्याचे कण गोठू लागतात आणि उरलेला पाक अधिकाधिक घट्ट होत जातो. म्हणजे पॉटमधलाही बर्फ तसा पांढराच असतो, पण सतत ढवळल्यामुळे त्याचे कण इतके बारीक राहतात की पाक त्यांना धरून राहतो. एक लिटर सरबतात साधारण १५० ग्रॅम साखर मला योग्य वाटते. साखर फार कमी असेल तर भांड्याच्या कडेला दगडासारखा थर धरतो, आणि फार जास्त असेल तर काहीच होत नाही. मालिकेच्या १९९३च्या एका भागात बार्ट आणि मिलहाउस ही दोन मुले निव्वळ पाकाचा सुपर स्क्विशी पितात; मुलाला तोच हवा होता, म्हणून आम्ही प्रामाणिकपणे प्रयत्न केला, पण अर्धा तास दांडा फिरवूनही पाक पाकच राहिला. बाहेरच्या बादलीत पाच-सहा भाग बर्फाला एक भाग खडे मीठ घातले की वीसेक मिनिटांत दांडा जड लागू लागतो. आइस्क्रीमसाठी आपण तो अडेपर्यंत फिरवतो. इथे हाताला जडपणा जाणवला की लगेच थांबायचे.

दुकानातल्या पेयाचा हलकेपणा, जो यंत्रात दाबाखाली मिसळलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे येतो, तो घरी दोन्हींपैकी कशातही येत नाही, हे आधीच मान्य करावे. पॉटचे स्वतःचे उपद्रवही आहेत. एका वेळी एकच रंग होतो. झाकण उघडण्यापूर्वी ते नीट पुसले नाही तर खारे पाणी आत जाते. माझी एक खेप अशीच वाया गेली. उरलेले मिठाचे पाणी अंगणातल्या गवतावर ओतू नये, एवढे सांगून थांबतो, कारण आमच्याकडचा तो वाळलेला गोल पट्टा पाहुण्यांना अजूनही दाखवला जातो. शिवाय बर्फ आणि मीठ विकत आणण्याची खटपट आहे, आणि दोन पेल्यांसाठी ती कोणी करावी असे मीही म्हणणार नाही. आठ-दहा मुले असतील, दांडा फिरवायला त्यांच्यातच भांडण लागणार असेल, आणि पेला शेवटपर्यंत निळा राहायला हवा असेल, तर मात्र मी पॉटच काढेन.

एकट्यासाठी चटकन हवा असतो तेव्हा मी अजूनही ब्लेंडर वापरतो. फक्त पाण्याऐवजी सरबताचेच खडे फ्रीझरमध्ये करून ठेवतो, त्यामुळे पेल्यात शेवटी उरणारा चुरा पांढरा नसून फिकट निळा असतो.