घोडं अडतं तिथे पैसे घाला: व्हिडिओ, थ्रीडी आणि फोटोसाठी पीसी जुळवताना

पार्ट्सची यादी करायला बसण्याआधी एक काम करा. सध्याच्या मशीनवर, ते कितीही जुनं असो, रोजचं काम सुरू करा आणि शेजारी टास्क मॅनेजर उघडा ठेवा. टाइमलाइन अडखळली, थ्रीडी सीन दाखवणारा व्ह्यूपोर्ट गोठला, ब्रश बोटांच्या मागे रेंगाळायला लागला, की लगेच तिकडे बघा. प्रोसेसर शंभर टक्क्यांवर आहे? रॅम भरलीय? ग्राफिक्स कार्डाची मेमरी काठोकाठ आलीय? की सगळे आकडे निवांत आहेत आणि काम मात्र रखडलंय? हा शेवटचा प्रकार फसवा असतो. सोळापैकी एक कोअर घाम गाळत असतो आणि बाकीचे पंधरा बसून असतात, म्हणून सरासरी आकडा छान दिसतो.

घोडं नेमकं कुठे अडतं हे कळल्याशिवाय इंटेलचा प्रोसेसर की एएमडीचा रायझन, ग्राफिक्स कार्ड ८ जीबीचं की १६ जीबीचं, या वादांना अर्थ नाही. 'क्रिएटिव्ह पीसी' अशी एकच वस्तू नसते. व्हिडिओ एडिटरचं उत्तम मशीन थ्रीडीवाल्याला अपुरं पडतं, आणि थ्रीडीवाल्याचं मशीन संगीतकाराच्या हाती दिलं तर निम्मे पैसे पाण्यात.

इंटेल की रायझन

व्हिडिओचं काम असेल तर या प्रश्नाचं उत्तर तुमच्या कॅमेऱ्याच्या फाइलमध्ये दडलेलं असतं. मीडियाइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर मिळतं. त्यात एक क्लिप उघडा आणि क्रोमा सबसॅम्पलिंगसमोर (रंगाची माहिती किती गाळून साठवलीय ते) काय लिहिलंय ते वाचा. ४:२:० असेल तर फार विचार करू नका. बहुतेक फोन, ड्रोन आणि अॅक्शन कॅमेरे हेच देतात आणि गेल्या काही वर्षांतलं कुठलंही ग्राफिक्स कार्ड ते सहज उलगडतं.

पण तिथे एच.२६५ (व्हिडिओ दाबून लहान करायची एक पद्धत), १० बिट, ४:२:२ असं दिसलं तर थांबा. सोनी आणि कॅननचे बरेच मिररलेस कॅमेरे अशा फाइली देतात. रंग छान हाताळता येतात, पण ही फाइल उलगडणारी यंत्रणा चिपमध्येच नसेल तर सगळा भार प्रोसेसरच्या कोअरवर येतो आणि महागडं मशीनही अडखळतं. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या डेस्कटॉप प्रोसेसरांतल्या अंगभूत ग्राफिक्सला हे काम जमतं, 'क्विक सिंक' म्हणतात ते हेच. रायझनच्या अंगभूत ग्राफिक्सला जमत नाही, एएमडीच्या रेडिऑन कार्डांना नाही, आणि एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०९० लाही नाही. २०२५ मध्ये आलेल्या आरटीएक्स ५० मालिकेने मात्र ही उणीव भरून काढली. त्यामुळे कालपर्यंत 'एडिटिंग म्हणजे इंटेल' हा सल्ला डोळे मिटून दिला जायचा, तो आज तसाच देता येत नाही. नवं आरटीएक्स ५० कार्ड घेणार असाल तर रायझनही तितकाच चालेल, फक्त एडिटिंगच्या सॉफ्टवेअरची आवृत्ती ताजी हवी. जुनंच कार्ड वापरणार असाल तर इंटेल घ्या, आणि नावाच्या शेवटी 'एफ' असलेला प्रोसेसर चुकूनही घेऊ नका. 'एफ' म्हणजे अंगभूत ग्राफिक्स बंद, म्हणजे ज्यासाठी इंटेल निवडला तेच गायब.

प्रॉक्सी, म्हणजे फुटेजच्या हलक्या प्रती, बनवून एडिट करायची सवय असेल तर वरचे दोन्ही परिच्छेद विसरलात तरी चालेल.

व्हिडिओ सोडून बघितलं तर माझा कल रायझनकडे आहे. रायझन ९ ९९५०एक्समध्ये १६ कोअर आणि ३२ थ्रेड (एका वेळी चालणारे कामाचे धागे) आहेत. इंटेलच्या कोअर अल्ट्रा ९ २८५के मध्ये कोअर २४ आहेत, पण त्यातले ८ मोठे आणि १६ छोटे, आणि थ्रेडही २४च. सगळे कोअर राबवणाऱ्या कामांत दोघे एकमेकांच्या आसपासच खेळतात. कल रायझनकडे असण्याचं कारण सॉकेट, म्हणजे मदरबोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा. एएम५ सॉकेट २०२२ मध्ये आलं आणि २०२७ पर्यंत तरी ते चालवू, असं एएमडीने सांगितलंय. म्हणजे आज ८ कोअरचा प्रोसेसर घालून दोन वर्षांनी त्याच मदरबोर्डवर १६ कोअरचा बसवता येतो. स्वतः जुळवलेल्या मशीनचा खरा फायदा हाच, नाहीतर तयार मशीन काय वाईट?

आता एवढे कोअर लागतात का? कोरोनासारखा फक्त प्रोसेसरवर चालणारा रेंडरर (थ्रीडी सीनचं अंतिम चित्र बनवणारं सॉफ्टवेअर) वापरत असाल, हूडिनी या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये सिम्युलेशन करत असाल, तर लागतात. आफ्टर इफेक्ट्सलाही २०२२ च्या आवृत्तीपासून एकाच वेळी अनेक फ्रेम रेंडर करता येतात, त्यामुळे तिथेही उपयोग होतो. फोटोशॉप आणि इलस्ट्रेटरला मात्र एकेका कोअरचा वेग प्यारा. तिथे ८ कोअरचा नवा प्रोसेसर १६ कोअरच्या जुन्याला आरामात मागे टाकतो. 'एक्स३डी' शेपटीच्या रायझनांची जाहिरात जोरात असते, पण त्यांची वाढीव कॅश (प्रोसेसरमधली झटपट मेमरी) मुख्यतः गेमसाठी आहे. तुमच्या रेंडरला तिचं फारसं सोयरसुतक नाही.

वापरलेला इंटेल घेत असाल तर एक इशारा. १३व्या आणि १४व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांत जास्त व्होल्टेजमुळे अस्थिरता येते हे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केलं, मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण आधीच झिजलेली चिप मायक्रोकोडने बरी होत नाही.

ग्राफिक्स कार्ड: वेग की मेमरी

थ्रीडीवाल्यांनी इथे निवांत बसून हिशेब करावा. ४०९६ बाय ४०९६ पिक्सेलचं टेक्स्चर (वस्तूच्या पृष्ठभागावर चढवायचं चित्र) डिस्कवर चार-पाच एमबीची जेपेग फाइल असेल, पण रेंडरसाठी मेमरीत उघडलं की प्रत्येक पिक्सेलला चार बाइट, म्हणजे ६४ एमबी. एका मटेरियलला रंग, खडबडीतपणा, नॉर्मल आणि डिस्प्लेसमेंट धरून चार टेक्स्चर लागले तर २५६ एमबी. अशी तीस मटेरियल असलेली खोली उभी केली की साडेसात जीबी तिथेच संपले. भूमिती, केस, गवत अजून यायचंच आहे. ८ जीबीचं कार्ड इथे हात टेकतं. मग रेंडर सिस्टिमच्या रॅमवर ओसंडतं आणि कासवगतीने चालतं, किंवा सरळ मेमरी संपल्याचं सांगून थांबतं.

म्हणून आरटीएक्स ५०६० टीआय १६ जीबी आणि आरटीएक्स ५०७० १२ जीबी समोरासमोर असतील तर निवड कामावर ठरते. ५०७० वेगवान आहे यात वाद नाही. रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये ४के टाइमलाइनवर नॉइज रिडक्शन लावणाऱ्याने तेच घ्यावं, त्याला १२ जीबी पुरतात आणि वेग रोज जाणवतो. ब्लेंडरमध्ये मोठे सीन उभे करणाऱ्याने ५०६० टीआय घ्यावं. संथ कार्डावर रेंडर उशिरा होतं, मेमरी कमी पडलेल्या कार्डावर ते कदाचित होतच नाही. ५०६० टीआय ८ जीबीतही येतं. डब्यावरचा आकडा दोनदा वाचा. आणि दोन कार्डं लावली की मेमरीची बेरीज होईल, या भ्रमात राहू नका. या कार्डांत तसं होत नाही, प्रत्येक कार्डाला अख्खा सीन आपापल्या मेमरीत लागतो.

रेडिऑन आरएक्स ९०७० एक्सटी मध्ये १६ जीबी आहेत, आणि एडिटिंग, ग्रेडिंगला ते चांगलं चालतं. थ्रीडीत मात्र मी ते सुचवणार नाही. ब्लेंडरचा सायकल्स रेंडरर रेडिऑनवर एएमडीच्या एचआयपी या सॉफ्टवेअर थरामार्फत चालतो खरा, पण एनव्हिडियाच्या ऑप्टिक्स या तशाच थरावर पळतो तितका पळत नाही. कूडा, म्हणजे एनव्हिडियाच्या कार्डावर गणितं चालवायची व्यवस्था, २००७ पासून आहे आणि थ्रीडीच्या दुनियेतली बरीच प्लगइन्स तीच गृहीत धरून लिहिली गेली आहेत. इंटेलचं आर्क बी५८० हे १२ जीबीचं कार्ड एच.२६५ ४:२:२ फाइलीही उलगडतं. तंग बजेटच्या एडिटरने त्याचा विचार जरूर करावा.

रॅम: दोन पट्ट्या की चार

फोटो आणि साध्या एडिटिंगला ३२ जीबी, आफ्टर इफेक्ट्स किंवा जड थ्रीडीला ६४. इथवर सगळे सांगतात. सांगायचं राहून जातं ते असं, की ६४ म्हणजे ३२ च्या दोन पट्ट्या, १६ च्या चार नव्हेत. रायझन ९००० मालिकेचा अधिकृत वेग दोन पट्ट्यांवर डीडीआर५-५६०० आहे, चार पट्ट्या लावल्या की तो ३६०० वर येतो. मी एकदा जुन्या दोन पट्ट्यांशेजारी नव्या दोन खोचल्या आणि पुढचे दोन दिवस मशीन सुरू का होत नाही ते शोधण्यात घालवले. २०२५ च्या अखेरीपासून रॅम जगभर महागली आहे, त्यामुळे 'आत्ता दोन, पुढे आणखी दोन' हा मोह जास्तच होईल. त्यापेक्षा कार्ड एक पायरी खालचं घ्या.

जिथे फार डोकं लावायची गरज नाही

एसएसडीच्या वेगावर भाळू नका. ४के प्रोरेस ४२२ एचक्यू या व्हिडिओ प्रकाराचा एक प्रवाह, २४ फ्रेमला, सेकंदाला साधारण ८८ एमबी मागतो. साधी साटा जोडणीची एसएसडी ५५० देते, पीसीआयई ४.० जोडणीची सुमारे ७०००. पीसीआयई ५.० ची १४००० देत असेलही, पण ते घेणार कोण? त्याच पैशात ४.० ची दुप्पट क्षमता घ्या. फक्त क्यूएलसी प्रकारची (एका पेशीत चार बिट कोंबणारी) टाळा. तासभराचं फुटेज एकदम ओतलं की तिचा लिहिण्याचा वेग पार कोसळतो.

एसएमपीएसवरचा (मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यावरचा) '८० प्लस' शिक्का वीज किती वाया जाते ते सांगतो, दर्जा नाही. ९९५०एक्स जोर लावताना २३० वॉट घेतो, ५०७० चे २५०. बाकी सगळं धरून चांगल्या कंपनीचा ७५० वॉट पुरतो. आरटीएक्स ५०९० एकटंच ५७५ वॉट ओढतं, तो हिशेब वेगळा. कॅबिनेट हवा खेळणारं घ्या, काच कितीही सुंदर असो.

संगीतवाल्यांचा मामला उलटा. ग्राफिक्स कार्ड लागतच नाही म्हटलं तरी चालेल. ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पलचा बफर (आवाजाचा एका वेळी हाताळायचा तुकडा) म्हणजे २.७ मिलिसेकंद, तेवढ्यात प्रत्येक ट्रॅकचं गणित उरकायला वेगवान कोअर हवेत, सॅम्पल लायब्ररीसाठी भरपूर रॅम हवी, आणि पंखे असे हवेत की माइकला ऐकू येऊ नयेत. कार्डाचे पैसे कूलरकडे वळवा.

सगळं जुळवून पहिल्यांदा बटण दाबलं की डीडीआर५ चं मशीन काही मिनिटं काळा पडदा दाखवू शकतं. ते मेमरीशी जुळवून घेत असतं, घाबरून पट्ट्या उपसू नका. चित्र आलं की बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन एक्स्पो किंवा एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगावर नेणारी सेटिंग, चालू करा, नाहीतर ६००० च्या वेगाचे पैसे मोजून घेतलेली रॅम ४८०० वर चालत राहील आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही.