ट्रकच्या ईसीएममधला डेटा काढून देणारी सेवा: घ्यावी का?

मी जखमींच्या बाजूने दावे लढवणाऱ्या वकिलांकडे पुराव्याचं काम पाहते. एका मालट्रकने मागून कारला धडक दिल्याच्या प्रकरणात ट्रकच्या इंजिन कंट्रोल मॉड्यूलमधला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या छोट्या संगणकातला (ईसीएममधला) डेटा काढून त्याचा अहवाल देणाऱ्या एका तज्ज्ञ संस्थेला आम्ही बोलावलं. पुढे एक तक्रार आहे, म्हणून संस्थेचं नाव देत नाही. पण सेवा घेण्यासारखी आहे, हे आधीच सांगते.

पहिल्या फोनवर फी किंवा प्रकरणाची हकिकत विचारण्याआधी तिथल्या मॅडमनी विचारलं, "धडकेनंतर ट्रक कुणी चालवलाय का?" मी नाही म्हणताच त्या म्हणाल्या, "मग चावीसुद्धा फिरवू नका म्हणून लगेच कळवा. लेखी." एवढ्यावरच माझा विश्वास बसला. बऱ्याच इंजिनांमध्ये 'लास्ट स्टॉप' नावाची नोंद असते, म्हणजे गाडी शेवटची थांबली त्याच्या आधीचे काही क्षण. गाडी पुन्हा चालवून थांबवली की जुन्या नोंदीवर नवी चढते. नुसतं इग्निशन चालू केलं तरी तुटलेल्या सेन्सरमुळे नवे फॉल्ट कोड, म्हणजे बिघाडाच्या खुणा, नोंदले जाऊ शकतात, आणि मग कोणता कोड धडकेचा नि कोणता नंतरचा, यावर वाद सुरू होतो. आमच्या वकिलांनी त्याच दिवशी ट्रकमालकाला डेटा जपून ठेवण्याची नोटीस पाठवली.

डेटा काढताना मी यार्डात हजर होते. केबिनची वायरिंग तुटलेली होती, म्हणून त्यांनी मॉड्यूल इंजिनावरून सोडवून बाहेर वेगळा वीजपुरवठा देऊन वाचलं. आधी लेबलवरच्या सिरियल नंबरचा फोटो. मग मॉड्यूलचं घड्याळ आणि स्वतःचं घड्याळ यांच्यातला फरक दोन्ही पक्षांच्या समोर लिहून घेतला. ईसीएमचं घड्याळ मागेपुढे असणं नेहमीचंच. हा फरक टिपला नाही, तर डॅशकॅम आणि जीपीएसच्या वेळांशी काहीच जुळत नाही, आणि समोरचा वकील म्हणतो की ही नोंद या अपघाताचीच नाही.

खरी किंमत वसूल झाली ती तक्त्याच्या वाचनात. मॉड्यूलमधून निघालेल्या या तक्त्यात सेकंदाला एक ओळ: वेग, आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे), थ्रॉटल (अॅक्सिलरेटर) किती टक्के, ब्रेक, क्लच. एका ओळीत वेग ताशी ७४ किलोमीटर, पुढच्याच ओळीत ३८. ट्रकवाल्यांचं म्हणणं, बघा, ड्रायव्हरने किती जोरात ब्रेक मारला! संस्थेच्या इंजिनिअरने हिशेब मांडला: एका सेकंदात ताशी ३६ किलोमीटर कमी, म्हणजे मंदन १० मीटर प्रतिसेकंदवर्ग, गुरुत्वत्वरणापेक्षाही थोडं जास्त. भरलेला ट्रक नुसत्या ब्रेकने इतक्या झटकन मंदावूच शकत नाही. हा वेग गिअरबॉक्सच्या आउटपुट शाफ्टवरच्या सेन्सरवरून मोजला जातो, म्हणजे चाकं ज्या गतीने फिरतात ती गती. चाकं घसरली की तक्त्यातला आकडा कोसळतो आणि ट्रक मात्र पुढे जातच राहतो. शिवाय ब्रेकचा रकाना फक्त चालू किंवा बंद सांगतो. पेडल किती दाबलं, हे त्यात नसतंच. हे पान वाचल्यावर समोरच्यांचा सूर बदलला.

त्यांनी आणखी एक गोष्ट समजावली, ती या कामातल्या प्रत्येकाला ठाऊक हवी. 'हार्ड ब्रेक'ची नोंद वेग ठरावीक मर्यादेपेक्षा झपाट्याने उतरला तरच होते. चाळीस टनांचा ट्रक दुचाकीला धडकला तर त्याचा वेग फारसा उतरतच नाही. माणूस गेलेला असतो आणि नोंद कोरी असते. नोंद नाही म्हणजे काही घडलंच नाही, असा बचाव ऐकला की मला संताप येतो.

आता तक्रार. अहवालाच्या आत वेगाची कमाल-किमान मर्यादा व्यवस्थित दिली होती, टायरच्या आकारामुळे येणाऱ्या फरकासकट. मुखपृष्ठावर मात्र एकच ठाम आकडा! उलटतपासणीत पहिला घाव तिथेच बसला असता. सांगितल्यावर त्यांनी सुधारलं, पण असा अहवाल मुळात बाहेर पडायलाच नको होता. मूळ फाइलही मागितल्याशिवाय मिळाली नाही. ती पहिल्या दिवशीच लेखी मागा, कारण दुसऱ्या तज्ज्ञाला पीडीएफ देऊन काही उपयोग नसतो.

ड्रायव्हरच्या कामाचे तास सिद्ध करायचे असतील, तर एकट्या ईसीएमवर भागत नाही. अमेरिकेत डिसेंबर २०१७ पासून सक्तीचे झालेले ईएलडी, म्हणजे ट्रकमधले इलेक्ट्रॉनिक नोंदयंत्र, तासांची नोंद ठेवतात, पण धडकेच्या सेकंदाचा वेग त्यांच्याकडून मिळेल अशी आशा धरू नका. युरोपातला डिजिटल टॅकोग्राफ, म्हणजे वेग आणि ड्रायव्हिंगचा वेळ नोंदणारं यंत्र, त्याबाबतीत सरस: शेवटच्या २४ तासांच्या ड्रायव्हिंगचा सेकंदासेकंदाचा वेग त्यात साठलेला असतो.

ही मंडळी ट्रेलरचं एबीएस (ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) मॉड्यूल वाचत नाहीत, त्यासाठी वेगळा माणूस शोधावा लागतो. तुमच्या प्रकरणात ट्रेलरच्या ब्रेकचा प्रश्न असेल, तर पहिल्या फोनवरच विचारून घ्या.