सोलरची बॅटरी: ट्युब्युलर की लिथियम?

कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या गृहज्योती योजनेमुळे 200 युनिटांच्या आतल्या बऱ्याच घरांना बिलच येत नाही. मग बेळगाव-खानापूरकडे हायब्रिड (ग्रिडला जोडलेलं आणि बॅटरीही असलेलं) सोलर घ्यायचं ते मुख्यतः लाइट गेल्यावर अडू नये म्हणून. म्हणजे खरा प्रश्न बॅटरीचा.

12 व्होल्ट, 150 एएच (अँपिअर-अवर) क्षमतेच्या चार ट्युब्युलर (लेड-अ‍ॅसिड) बॅटऱ्या म्हणजे कागदावर 7.2 युनिट. पण रोज निम्म्याखाली उतरवल्या तर लवकर बसतात, म्हणून हाताशी 3.6 धरा. 51.2 व्होल्ट, 100 एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी कागदावर 5.12 युनिटच, तरी त्यातले चारेक बिनघोर वापरता येतात. शिवाय खानापूरच्या पावसाळ्यात दुपारी दोन तास उघडीप मिळाली, तर ती तेवढ्यात बरीच भरते. ट्युब्युलरला शेवटचा टप्पा भरायलाच तासन् तास लागतात, आणि सतत अर्धवट राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं.

ट्युब्युलर स्वस्त, मेकॅनिकच्या ओळखीची, भंगारातही पैसे देते. डिस्टिल्ड वॉटर घालायचा कंटाळा असेल तर मात्र नकोच.

माझं मत लिथियमला. फक्त इन्व्हर्टर तिच्या बीएमएसशी (बॅटरी सांभाळणाऱ्या आतल्या सर्किटशी) जुळतो का, हे दुकानदाराकडून लिहून घ्या. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेची 3 किलोवॅटची 78,000 रुपये सबसिडी ग्रिडला जोडलेल्या सोलरसाठी आहे. बॅटरीचे पैसे आपलेच.