चार पात्यांचा ॲल्युमिनियम प्रोपेलर, काही महिन्यांनंतर: पंखा उत्तम, वॉशर गायब

तारे द्यायचे झाले तर बोटीच्या या पंख्याला साडेचार आणि विकणाऱ्याच्या सेवेला जेमतेम एक. तो एकसुद्धा चुकीचा माल बदलून दिला म्हणून.

जुना तीन पात्यांचा, १७ पिचचा (म्हणजे एका फेऱ्यात कागदोपत्री १७ इंच पुढे जाणारा) प्रोपेलर दिसायला धडधाकट होता. पण थ्रॉटल पुढे ढकलला की इंजिन किंचाळायचं आणि बोट काही जोर धरायची नाही. सावकाश चालवली की मात्र निमूट चालायची. दुरुस्तीवाल्याने लगेच गिअरकेस खोलायची भाषा सुरू केली, क्लच गेला म्हणे. गिअरकेस खोलणं म्हणजे आपला खिसा खोलणं, म्हणून आधी फुकटातली परीक्षा घेतली. पंख्याच्या मागच्या तोंडाशी आतल्या हबपासून (शाफ्टवर, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्यावर बसणारा मधला भाग) रबरावरून बाहेरच्या नळीपर्यंत पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढली, सुकू दिली आणि पाण्यात जाऊन जोर देऊन आलो. रेघेचे दोन तुकडे झाले होते, आतला एकीकडे आणि बाहेरचा पाव फेरा सरकलेला. रबर सुटलं होतं, त्यामुळे हब फिरायचा आणि पाती मागे राहायची. गिअरला काहीही झालेलं नव्हतं. ज्याचं इंजिन असं नुसतंच ओरडतं त्याने पाना हातात घेण्याआधी ही रेघ ओढावी.

जुन्यातच नवं रबर प्रेसने बसवून मिळतं, पण त्याच्या पात्यांच्या कडा वाळू खाऊन खाऊन गोल झाल्या होत्या. म्हणून नवाच घ्यायचं ठरवलं. स्टील की ॲल्युमिनियम यावर लोक तावातावाने भांडतात. स्टीलची पाती पातळ असूनही जोराखाली कमी वाकतात, वेग थोडा जास्त मिळतो, हे खरंच आहे. पण मी फिरतो तिथे पाणी उथळ आणि तळाला दगड. ॲल्युमिनियमचं पातं वाकतं, तुटतं आणि धक्का बराचसा स्वतःवर घेतं. शिवाय एका स्टीलच्या पैशात ॲल्युमिनियमचे दोन-तीन येतात. माझ्यापुरता विषय संपला.

पिचचा विषय मात्र इतक्यात संपत नाही. विकणारा म्हणाला, जुन्यावर जो नंबर आहे तोच घ्या, डोकं लावू नका. जुन्यावरचा नंबर योग्यच होता हे ठरवलं कुणी? इंजिन ११५ अश्वशक्तीचं, पुस्तकात पूर्ण थ्रॉटलला ५००० ते ६००० आरपीएम (मिनिटाला फेरे) दिलेत. हब सुटायच्या आधी मी एकटा असताना काटा ५५०० दाखवायचा, पण चार माणसं आणि भरलेली टाकी असली की ५१०० वरच अडायचा. चालतं, पण काठावर. इंजिनाला सतत असं ओझ्याखाली कण्हत ठेवणं बरं नाही. ढोबळ हिशोब असा की पिच एक इंच कमी केला की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात, आणि तीनाऐवजी चार पाती घेतली की थोडे घटतात. म्हणून चार पात्यांचा १५ पिच घेतला. आता भरल्या बोटीत ५३५० आणि एकट्याला ५७५० मिळतात, दोन्ही पुस्तकातल्या मर्यादेत.

पहिले काही दिवस मी नाराज होतो. कमाल वेग दोन नॉटच्या आसपास उतरला. हे आधी कागदावरही दिसतंच: आरपीएमला पिचने गुणा, गिअर रेशो गुणिले १२१५ ने भागा, म्हणजे पाणी अजिबात निसटलं नाही तर किती नॉट मिळतील ते कळतं. माझा रेशो २.०७, म्हणजे इंजिनाचे इतके फेरे झाले की पंख्याचा एक. जुन्याचे ३७ आणि नव्याचे ३४ येतात. त्यातून १० ते १५ टक्के स्लिप, म्हणजे पाणी निसटण्यात जाणारा वेग, वजा करा. तरीही कागदावर दिसणं वेगळं आणि शेजारची बोट पुढे निघून जाताना बघणं वेगळं.

मत बदललं ते लाटांच्या दिवसांत. जुना पंखा सोळा नॉटच्या खाली आला की बोट प्लेनवरून (पाण्यावर उचलून सपाट धावण्यावरून) घसरायची, नाक आभाळाकडे, पुढचं काही दिसायचं नाही. नवा तेरा-चौदा नॉटलासुद्धा बोट सपाट धरून ठेवतो. खवळलेल्या पाण्यात नेमका हाच वेग हवा असतो. भरल्या बोटीने प्लेनवर यायला पूर्वी मागच्यांना पुढे सरकून बसायला सांगावं लागायचं, ते बंद झालं. वळणावर जुना हवा ओढायचा आणि आरपीएम एकदम उसळायचे. हा तसं क्वचितच करतो, आणि केलं तरी ट्रिम (इंजिनाचा कल) जरा आत घेतला की सावरतो. पेट्रोलमध्ये फरक जाणवला नाही. कमाल वेग मी एरवी वापरत होतो तरी किती?

आता हब. या पंख्यात रबर पक्कं चिकटवलेलं नसतं. प्लास्टिकची एक बाही आत सरकवायची, ती शाफ्टच्या दातांवर बसते. हा संच वेगळा विकत घ्यावा लागतो. खोक्यात नुसता पंखा! आणि मला जो संच पाठवला तो तेरा दातांचा, माझा शाफ्ट पंधरा दातांचा. फोन केला तर उत्तर काय, तर ‘सगळे सारखेच असतात, ग्रीस लावून ठोका.’ दात मोजलेला फोटो पाठवला. मग म्हणे फोटो स्पष्ट नाही. शाफ्ट पुसून, प्रत्येक दाताला ठिपका देऊन पुन्हा फोटो काढला, तेव्हा कुठे बदलून दिला. तोवर ऐन मोसमात बोट झाकून पडलेली.

बरोबर संच आला तर त्यात टॅब वॉशर नाही. नट सैल होऊ नये म्हणून ज्याचे कान वाकवतात, तो पातळ पत्रा. संचातली सगळ्यात स्वस्त वस्तू हीच असेल. जुन्याचे कान इतक्या वेळा वाकवून सरळ केलेले की हात लावताच एक तुटून आला. असल्या वॉशरच्या भरवशावर अख्खा पंखा पाण्यात सोडायचा? थ्रस्ट वॉशरही (पंख्याचा रेटा घेणारी, त्याच्या पुढे बसणारी चकती) जुना वापरायचा की संचातला, याबद्दल चिठ्ठीत चकार शब्द नाही. (संचातलाच. जुना ठेवलात तर बाही नीट टेकत नाही.)

या हबला मी महिनाभर शिव्या दिल्या. मग ओहोटीच्या वेळी एक दगड लागला. ठक् असा आवाज, आणि इंजिन पुन्हा किंचाळायला लागलं. उथळ पाण्यात नांगर टाकला, गिअर न्यूट्रल, चावी खिशात, इंजिन बंद करणाऱ्या किल स्विचची दोरी काढलेली. पातं आणि वरची प्लेट यांच्यात लाकडाचा ठोकळा अडकवून नट सोडला. बाहीचे दात पिळवटून एका बाजूला कललेले होते. शाफ्टच्या दातांवर ओरखडाही नाही. जास्तीची बाही पेटीत होती. ती सरकवली, ग्रीस लावलं, नट आवळला आणि निघालो. प्रेस नाही, कारागीर नाही, लुटुलुटू चालत परतणं नाही. एका पात्याचं टोक मुडपलं, त्याने थोडी थरथर येते. १८३७ मध्ये स्क्रू प्रोपेलरच्या इंग्रज प्रवर्तकाच्या, फ्रान्सिस पेटिट स्मिथच्या लाकडी स्क्रूचा तुकडा मोडला तेव्हा त्याची बोट उलट जास्त वेगाने पळाली होती. माझी तशी काही पळाली नाही, पात्याला दुरुस्ती लागणारच.

त्या निमित्ताने शाफ्टवर गुंडाळलेली मासेमारीची नायलॉन दोरीही सापडली. ती सील कापते, गिअर ऑइल दुधाळ होतं आणि मग खरोखरच गिअरकेस खोलावी लागते. पंखा अधूनमधून उतरवत जा.

तर घ्यावा का? ओझं वाहणारी बोट आणि उथळ पाणी असेल तर बिनधास्त. शर्यत लावायची हौस असेल तर तीन पात्यांचा स्टील बघा. ऑर्डर देण्यापूर्वी शाफ्टचे दात स्वतः मोजा, पूर्ण थ्रॉटलचा आरपीएम भरल्या आणि रिकाम्या बोटीत लिहून ठेवा, आणि बाही एकाऐवजी दोन मागवा. टॅब वॉशर वेगळ्या दुकानातून घ्या. माझी त्याबद्दलची तक्रार त्यांनी ‘निकाली’ म्हणून बंद केली आहे, वॉशर अजून आलेला नाही.